शेवटचा रकाना

कुमागाईबाई वहीत पट्टीनं रकाने आखतात.
फी. प्रमाणपत्र. घरापासून रिक्षाची मिनिटं. जिना किती.
शेवटच्या रकान्याला नाव नाही.
मी विचारलं नाही. दुभाष्याचे पैसे तासावर असतात,
कुतूहलाचे वेगळे मिळत नाहीत.

वय अठ्ठावन्न. नवरा चाकणला, गिअरबॉक्सच्या कारखान्यात,
सकाळी साडेसहाला गाडीत बसतो
आणि रात्री हायवेचं तोंड घेऊन परततो.
बाईंचा डावा गुडघा तळजाईच्या उतारावर एकदा दगा देऊन बसला.
तेव्हापासून अबोला धरलेल्या जावेशी वागावं
तशा त्या त्याच्याशी वागतात.
त्यांना पर्सनल ट्रेनर हवाय.

कल्याणीनगरच्या काचेच्या जिममध्ये
भिंतभर जोडीजोडीनं फोटो:
आधीचे ढेरपोटे, नंतरचे तेच, तेल लावून.
कोद्रे आडनावाचा देखणा मुलगा मला म्हणाला,
"मॅडमना सांगा, बारा आठवडे, दहा किलो, गॅरंटी."
कुठले दहा? बाई सगळ्या मिळून सत्तेचाळीस.
हे मी भाषांतरात गाळलं.
तो माझ्याकडे बघत बोलत राहिला,
जणू मी फोन
आणि बाई पलीकडचं गाव.
निघताना कमरेत वाकला, सिनेमात पाहिल्यासारखा.
बाईही वाकल्या. वहीत फुली.

बाणेरच्यानं फी डॉलरमध्ये सांगितली.
औंधचा "पाच मिनिटांत पोचतो" म्हणाला
त्याला आज अकरा दिवस झाले.

मग बिबवेवाडी. पिठाच्या गिरणीवरची खोली,
जिन्याच्या कठड्यावरही पिठाची साय.
उज्ज्वला दुधाणे, एके काळी राज्याच्या संघात वजनं उचलायच्या.
खुर्ची एकच होती, ती बाईंना दिली.
मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाजूला सरका,
मला त्या दिसत नाहीयेत."
आणि बाईंना, सावकाश, मराठीतच:
"कशासाठी हवंय तुम्हाला?"

बाई बराच वेळ बोलल्या. मी तुकड्यातुकड्यानं आणलं इकडे:
दोन वर्षांनी परत जायचंय. निईगाताला आई आहे.
पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत.
आत्ता भाऊ करतो, पण त्याची पाठ गेली.
"मला आईला उचलता यायला हवं."
इतकी वर्षं वाक्यं वाहते मी इकडून तिकडे,
हे मराठीत उतरलं
आणि इथलंच निघालं.

दुधाणेबाई काही बोलल्या नाहीत.
सतरंजीवर आडव्या झाल्या, अंग ढिलं सोडलं,
डोळे मिटले. "मी तुमची आई. उचला."
मी तोंड उघडेपर्यंत बाई गुडघ्यावर बसल्याही होत्या.
उचललं नाही गेलं. दोघी कलंडल्या,
खाली गिरणी घरघरत होती.
"कमरेतून नाही हो, मांडीतून. हाडाची काडं होतील, आधीच सांगते."
नशिबानं जपानीतही
कष्ट करताना हाडंच मोडतात.
बाई हसल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा दिसला
त्यांचा सोन्याचा दात.

वहीत त्यांनी गोल काढला.
"शून्य दिलं का हो मला?"
म्हटलं, त्यांच्याकडे गोल म्हणजे बरोबर.
"अरे देवा. मग माझं आख्खं गणित
तिकडे तपासायला द्यायला हवं होतं."

रिक्षात बाईंनी शेवटच्या रकान्याला नाव दिलं,
बारीक अक्षरांत: कुणाकडे बघून बोलले.
मी वाचलं
आणि स्वारगेटपर्यंत मीटरकडे बघत बसले.

माझं बिल आता निम्म्यावर आलंय.
परवा बाजरी दळायला म्हणून गेले तिकडे,
डबा ठेवून उभी राहिले नंबर लागेपर्यंत.
वरून आकडे येत होते, मराठी,
धापा टाकत. पाच. सहा. आठ.
"सात कोण करणार, मी?"
दुधाणेबाई ओरडल्या.

थोडी शांतता. मग:
सात.

मला कुणी काही विचारलं नाही.